स्वातंत्र्य परवडतं का? नवशिक्यांसाठी वादाचे प्राथमिक धडे

एखादा देश वेगळा व्हायला निघाला, की त्याच्या जमाखर्चावर बोलायचा परवाना सगळ्या जगाला मिळतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत ताळेबंद वाचायला घेतला की चहाला उठून जाणारी मंडळी दुसऱ्या देशाची वित्तीय तूट दशांश चिन्हासकट सांगू लागतात. यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त थोडी पूर्वतयारी हवी. ती करून देण्यासाठी हे मार्गदर्शन.

सरावासाठी स्कॉटलंड घेतलं आहे. १८ सप्टेंबर २०१४ ला तिथं ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?’ एवढ्या एका प्रश्नावर मतदान झालं. त्याआधीची दोनेक वर्षं दोन्ही बाजूंनी इतका कागद काळा केला, की शिकाऊ माणसाला साहित्याची ददात नाही. गोळी सुटली नाही, तुरुंग भरले नाहीत, त्यामुळे हसायची सोय आहे. शिवाय मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तिथल्याच बॅन्फ गावचा. त्यानं आपला हिशेब मांडला होता, तेव्हा आपण त्यांचा मांडायला हरकत नसावी.

पात्रता

अर्थशास्त्राची पदवी नसली तर उत्तम, असली तर लपवावी. पदवीवाला माणूस ‘ते गृहीतकांवर अवलंबून आहे’ असं खरं बोलून बसतो आणि रंगलेली बैठक मोडते.

‘आपला काय संबंध?’ असं कुणी विचारलं तर गप्प बसू नका. त्या मतदानात राष्ट्रकुलातल्या देशांच्या, स्कॉटलंडमध्ये रीतसर राहणाऱ्या नागरिकांना मत होतं. म्हणजे कंपनीनं हिंजवडीहून एडिंबरोला धाडलेला भारतीय पासपोर्टवाला अभियंता मतदारयादीत नाव घालून ब्रिटनचे दोन तुकडे करायचे की नाही ते ठरवू शकत होता. बहामात राहणारे शॉन कॉनरी, म्हणजे पडद्यावरचे पहिले जेम्स बाँड आणि स्वातंत्र्याचे कडवे समर्थक, ठरवू शकत नव्हते. इंग्लंडात राहणारा टेनिसपटू अँडी मरेही नाही. तिथं राहतो त्याचा देश, असा तो हिशेब. वयाची अट १६ वर्षांची. तेव्हा तुमचा संबंध आहे, आणि कॉनरींपेक्षा अंमळ जास्तच आहे.

पहिला धडा : आधी ठरवा, मग मोजा

बाजू कोणती घ्यायची हे आकडे पाहून ठरवायचं असतं, असा भाबडा समज पुष्कळांचा असतो. तो सोडून द्या. आधी बाजू निवडायची आणि आकडे त्या बाजूच्या दुकानातून घ्यायचे. ‘हो’वाल्यांसाठी स्कॉटिश सरकारनं नोव्हेंबर २०१३ मध्ये साडेसहाशेच्या वर पानांची श्वेतपत्रिका काढून ठेवली आहे. ‘नाही’वाल्यांसाठी लंडनच्या ट्रेझरीनं, म्हणजे ब्रिटिश अर्थखात्यानं, जाडजूड अहवालांची मालिकाच छापली. दोन्हीकडचा माल बारकाईनं वाचणारे लोक मला भेटले आहेत. ते सहसा गप्प असतात.

आकडा निवडताना तो माणशी असेल असं बघा. अब्जांचं कुणाला काही वाटत नाही, खिशाचं वाटतं. २०११ च्या एका सामाजिक पाहणीत स्कॉटलंडच्या लोकांना विचारलं होतं : स्वतंत्र झाल्यावर वर्षाला ५०० पौंड जास्त मिळणार असतील तर? जवळपास दोन तृतीयांश लोक स्वातंत्र्याला तयार झाले. तेच ५०० पौंडांनी खिसा हलका होणार म्हटल्यावर पाठिंबा पार घसरला. इंग्रजांना हरवलं त्या बॅनकबर्नच्या लढाईला सातशे वर्षं होत आली होती आणि सौदा ५०० पौंडांवर आला होता. दोन्ही बाजूंचे प्रचारक या पाहणीनंतर कॅल्क्युलेटर घेऊन बसले.

त्याचं फळ २८ मे २०१४ ला दिसलं. नवशिक्यांनी ही तारीख पाठच करावी. त्या दिवशी ट्रेझरीनं जाहीर केलं, की ब्रिटनमध्ये राहिल्यास प्रत्येक स्कॉटिश माणसाचा वर्षाला १,४०० पौंड फायदा. त्याच दिवशी स्कॉटिश सरकारनं जाहीर केलं, की स्वतंत्र झाल्यास माणशी १,००० पौंड फायदा. म्हणजे सकाळी उठलेल्या माणसाला कुठंही मत दिलं तरी नफाच होता. आता गंमत अशी, की हे दोन आकडे एकमेकांना खोटं पाडतच नव्हते. ट्रेझरीचा आकडा पुढच्या वीस वर्षांची सरासरी होती, त्यात तेलाचं घटतं उत्पन्न, म्हातारी होत जाणारी लोकसंख्या, वाढीव व्याज असं सगळं धरलेलं. एडिंबरोचा आकडा सुमारे पंधरा वर्षांनंतरच्या एका वर्षाचा होता, आणि तोही उत्पादकता वाढली, रोजगार वाढला, बाहेरून माणसं आली तर. दोघं वेगवेगळ्या काळाबद्दल बोलत होते आणि भांडण एकाच दूरचित्रवाणीवर चाललं होतं. वादात हे कुणाला सांगू नका. सांगितलंत तर दोन्ही बाजू मिळून तुमच्यावर येतील.

एकदा आकडा मिळाला की त्याचं खाण्यापिण्यात रूपांतर करावं. ट्रेझरीनं ते करून दाखवलं. १,४०० पौंडांत काय काय येतं याची सचित्र यादी काढली : दहा आठवडे रोज फिश अँड चिप्स, एडिंबरोच्या महोत्सवात २८० हॉट डॉग, वगैरे. चित्रांत लेगोची बाहुली-माणसं वापरली होती. लेगो कंपनीनं ‘आम्हाला राजकारणात ओढू नका’ म्हणून कळवलं आणि चित्रं काढावी लागली. ज्या राष्ट्रानं ॲडम स्मिथ दिला, त्याला त्याचं भवितव्य हॉट डॉगमध्ये मोजून द्यावं, ही कल्पना लंडनच्या कुठल्या टेबलावर पास झाली असेल, याचं मला अजून कुतूहल आहे.

संदर्भ देताना प्राध्यापकाचं नाव घ्यावं, पण प्राध्यापक हयात आणि जागा नसेल असा निवडावा. ट्रेझरीनं इथं घसरून दाखवलं. नवं राज्य उभारायला २.७ अब्ज पौंड लागतील, असा आकडा त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या पॅट्रिक डनलेव्ही यांच्या अभ्यासाच्या आधारे फिरवला. डनलेव्ही लगेच उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या अभ्यासाचा हा अर्थ होतच नाही, आकडा कित्येक पटींनी फुगवला आहे.

दुसरा धडा : गर्स

हा शब्द योग्य ठिकाणी उच्चारला की लोक तुम्हाला जाणकार समजतात. स्कॉटलंडमध्ये सरकार किती गोळा करतं आणि किती खर्च करतं याचा हा वार्षिक ताळा. १९९२ मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारनं तो सुरू केला. स्कॉटलंड स्वतःच्या पायावर उभं राहू शकत नाही हे दाखवून विरोधकांची तोंडं बंद करावीत हा हेतू तत्कालीन मंत्र्यांच्या फुटलेल्या पत्रातून नंतर बाहेर आला. पण पुढं २०११-१२ च्या गर्समध्ये असं निघालं, की ब्रिटनच्या ८.४ टक्के लोकसंख्येचा स्कॉटलंड ९.९ टक्के कर भरतो आणि ९.३ टक्के खर्च मिळवतो. झालं. ज्यांना गप्प करायला हे पुस्तक काढलं, त्यांनीच ते डोक्यावर घेऊन मिरवणूक काढली. चार वर्षांनी त्याच गर्सनं तूट १४.८ अब्ज पौंड, म्हणजे सकल उत्पन्नाच्या ९.५ टक्के दाखवली, आणि पालखीचे भोई बदलले.

तुमच्या बाजूचं वर्ष असेल तेव्हा गर्स हा ‘सरकारनं स्वतः दिलेला पुरावा’. विरुद्ध असेल तेव्हा ‘ब्रिटनमध्ये राहून स्कॉटलंडची काय अवस्था झाली त्याचं चित्र, स्वतंत्र स्कॉटलंडचं नव्हे’. दुसरं वाक्य खरंच आहे, हे कबूल केलं पाहिजे. स्वतंत्र झालेला देश कर वेगळे लावील, संरक्षणावर वेगळा खर्च करील. पण तो काय करील हे सांगायला गेलं, की पुन्हा माणशी १,००० पौंडांशी येऊन पोचतो.

तिसरा धडा : पौंड, आणि एका बँकेची गोष्ट

हा धडा लांब आहे, कारण सगळी मेख इथंच आहे. बाकीचं विसरलात तरी चालेल.

स्वतंत्र स्कॉटलंडचं चलन कोणतं? ‘हो’ बाजूचे नेते आणि स्कॉटलंडचे तेव्हाचे फर्स्ट मिनिस्टर ॲलेक्स सॅमंड म्हणाले : पौंडच. उरलेल्या ब्रिटनशी चलनसंघ करायचा आणि बँक ऑफ इंग्लंड दोघांची. नव्या देशाची शेवटची बँक, म्हणजे बाकी सगळ्या बँका बुडायला लागल्या तर पैसे पुरवणारी, ही परक्या देशाच्या राजधानीत. हे ऐकायला विचित्र, पण वेडगळ नव्हे. व्यापाराचा बहुतेक हिस्सा इंग्लंडशी, गहाणकर्जं पौंडांत, पेन्शन पौंडांत. म्हाताऱ्या मतदाराला ‘तुमची पुंजी नव्या नोटांत होईल’ असं सांगण्यापेक्षा हे सोपं.

बँक ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे गव्हर्नर मार्क कार्नी जानेवारी २०१४ मध्ये एडिंबरोला येऊन शांतपणे सांगून गेले, की एक चलन हवं असेल तर दोघांनाही थोडं सार्वभौमत्व सोडावं लागेल. युरो घेतलेल्या ग्रीसचं काय झालं ते तेव्हा रोज पेपरात येत होतं, त्यामुळे अधिक सांगायची गरज पडली नाही. १३ फेब्रुवारीला अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी तिथंच येऊन दार लावलं : चलनसंघ होणार नाही. विरोधी मजूर पक्ष आणि सत्तेतले भागीदार लिबरल डेमोक्रॅट, दोघांनीही त्यांची री ओढली. सॅमंड म्हणाले, ही निव्वळ हूल आहे, मतदानानंतर सुतासारखे सरळ येतील. महिना-दीड महिन्यानं एका मंत्र्यानं नाव न सांगण्याच्या अटीवर वर्तमानपत्राला सांगितलंही, की अर्थातच चलनसंघ होईल.

नवशिक्यानं इथं कोण खरं बोलत होतं असा प्रश्न विचारायचा नाही. वाटाघाटी मतदानानंतर होणार होत्या. मतदानाआधी कुणी आपले पत्ते दाखवत नाही. ऑस्बोर्न यांना घाबरवायचं होतं, सॅमंडना निर्धास्त करायचं होतं, आणि दोघांपैकी एकाचाही शब्द १९ सप्टेंबरच्या सकाळी बंधनकारक राहणार नव्हता. माझं मत विचाराल तर सॅमंड यांची चूक चलनसंघ मागण्यात नव्हती. समोरचा नाही म्हणाला तर काय, याचं उत्तर त्यांनी शेवटपर्यंत दिलं नाही, ही होती. ५ ऑगस्टच्या पहिल्या जाहीर वादात ‘नाही’ बाजूचे ॲलिस्टर डार्लिंग याच एका प्रश्नाला चिकटून बसले : प्लॅन बी काय? सॅमंड यांनी उलट त्यांना परग्रहवासीयांच्या हल्ल्यावरून चिमटे काढले, कारण विरोधकांच्या भीतीप्रचारात तेही येऊन गेलं होतं. श्रोते हसले, पण प्लॅन बी राहिला. २५ ऑगस्टच्या दुसऱ्या वादात सॅमंड यांनी एकाच्या किमतीत तीन प्लॅन बी देऊ केले, आणि तो वाद त्यांनी जिंकला असं बहुतेकांचं मत पडलं. तोवर उशीर झाला होता.

आता ते दोघं कोण होते ते बघा. सॅमंड १९८० च्या दशकात रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये अर्थतज्ज्ञ होते, तेलाचा निर्देशांक काढायचं काम करत. डार्लिंग २००८ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री होते आणि बुडत्या रॉयल बँकेत सरकारी पैसा ओतण्याचा निर्णय त्यांच्या टेबलावर झाला. शेवटी ती रक्कम ४५ अब्ज पौंडांच्या घरात गेली. त्या बँकेचा ताळेबंद तेव्हा सगळ्या ब्रिटनच्या वार्षिक उत्पन्नाहून मोठा होता. एका बँकेचा माजी नोकर आणि त्याच बँकेचा तारणहार समोरासमोर उभे राहून देशाचं भवितव्य ठरवत होते.

आणि ही बँक आली कुठून? इथं तुम्ही थोडं मागं सरकून बसा आणि आवाज खाली आणा, कारण पुढची माहिती मैफलीत हमखास चालते. १६९८ मध्ये स्कॉटलंडनं पनामाच्या डेरियन किनाऱ्यावर वसाहत करायचा घाट घातला. कल्पना विल्यम पॅटरसन यांची. हा स्कॉटिश गृहस्थ चार वर्षांपूर्वी बँक ऑफ इंग्लंड काढून मोकळा झालेला. (बँक ऑफ स्कॉटलंड काढायला एक इंग्रज धावला होता, तेव्हा फिट्टंफाट.) ताप, उपासमार आणि स्पॅनिश सैन्य यांनी वसाहत खाऊन टाकली. देशातली केवढी तरी रोकड त्यात बुडाली. १७०७ च्या विलीनीकरणात इंग्लंडनं ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग मोजून दिले, आणि त्यातून डेरियनच्या भागधारकांचे पैसे परत झाले. या भरपाईच्या रोख्यांचा व्यवहार करणाऱ्या मंडळींतून १७२७ मध्ये उभी राहिली ती रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड. देश विकल्याच्या मोबदल्यातून निघालेली बँक, असं ‘हो’वाले म्हणतात. देश बुडाला तेव्हा ज्यांनी सोडवला त्यांच्या पैशातून निघालेली, असं ‘नाही’वाले म्हणतात. पैसे तेच.

मतदानाला आठवडा उरला असताना या बँकेनं जाहीर केलं, की ‘हो’ जिंकलं तर आम्ही कागदोपत्री मुख्यालय इंग्लंडला हलवू. लॉइड्सनंही तेच सांगितलं. त्या घडीला रॉयल बँकेची सुमारे ८० टक्के मालकी ब्रिटिश सरकारची होती, आणि ही बातमी ट्रेझरीकडून आधीच पत्रकारांपर्यंत पोचली म्हणून मोठा गदारोळ झाला. नवशिक्यांसाठी टीप : बँक ‘हलणार’ म्हणजे इमारत हलत नाही, कर्मचारीही बहुतेक तिथंच राहतात. हलतो तो पत्ता, आणि पत्त्याबरोबर बुडाल्यास कोणत्या खजिन्याच्या दारात उभं राहायचं ते. पण ‘पत्ता हलला’ असा मथळा कोण लावतं?

एक पर्याय उरतो. चलनसंघ नको, परवानगीही नको, नुसता पौंड वापरायचा. तसं करता येतं, बाहेरचं चलन वापरायला कुणाची संमती लागत नाही. मात्र मग शेवटची बँक नसते. याचं उदाहरण म्हणून जाणकार ज्या देशाचं नाव घेतात तो डॉलर वापरतो, आणि त्याचं नाव पनामा. तीनशे वर्षांनी स्कॉटलंड पुन्हा पनामात पोचतं, हे तुमच्या प्रतिपक्षाच्या लक्षात यायच्या आत विषय बदला.

चौथा धडा : वाटणीची उपमा

कर्जावर बोलताना प्रत्येकाला घरगुती उपमा सुचते. तिकडे घटस्फोटाची सुचते, आपल्याला भावाभावांच्या वाटणीची. धाकट्यानं वेगळी चूल मांडली तर बापाचं कर्ज कुणी फेडायचं? सॅमंड म्हणाले : पौंडात वाटा देणार नसाल तर कर्जातही वाटा घेणार नाही. ट्रेझरीनं बाजार घाबरू नये म्हणून जानेवारीतच जाहीर केलं होतं, की ब्रिटननं काढलेलं सगळं कर्ज ब्रिटनच फेडील. कर्जाचा डोंगर तेव्हा सुमारे १.४ लाख कोटी पौंडांचा. म्हणजे सातबाऱ्यावर नाव थोरल्याचं, धाकटा फक्त नैतिकदृष्ट्या जबाबदार.

उपमा इथपर्यंत छान चालते, पुढं कोलमडते. भावांच्या भांडणात वर दिवाणी कोर्ट असतं. देशांच्या वाटण्यांसाठी १९८३ मध्ये व्हिएन्ना इथं एक करार लिहिला गेला, पण पुरेशा देशांनी त्याला मान्यताच दिली नाही आणि तो आजवर लागू झालेला नाही. उरते ती रेटारेटी. आयर्लंडच्या करारात ब्रिटिश कर्जाचा वाटा उचलायचं कलम होतं, १९२५ मध्ये ते सीमेच्या वादात सोडून दिलं गेलं. कर्ज माफ, सीमा कायम. हिशेबनिसाला या व्यवहाराची नोंद कुठल्या खात्यात करावी ते सांगता येणार नाही.

पाचवा धडा : परदेशचे दाखले

दाखला निवडताना तो पुढची दोन वर्षं तरी शाबूत राहील याची खात्री करा. सॅमंड आयर्लंड, आइसलँड, नॉर्वे या छोट्या संपन्न देशांची कमान दाखवून म्हणत, आपण यातच शोभतो. २००८ मध्ये आइसलँडच्या बँका कोसळल्या, मागोमाग आयर्लंडच्या. विरोधकांनी तिला दिवाळखोरीची कमान म्हणून टाकलं. उरला नॉर्वे.

नॉर्वेनं १९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळं होण्यावर मतदान घेतलं होतं. बाजूनं ३,६८,२०८, विरुद्ध १८४. अर्थकारणावर तिथं वाद घालायला माणसंच उरली नव्हती.

‘नाही’वाल्यांनी चेकोस्लोव्हाकिया हाताशी ठेवावा. १ जानेवारी १९९३ ला दोन देश झाले, तेही सार्वमत न घेता. काही महिने एकच चलन ठेवू असं ठरलं होतं. स्लोव्हाक पैसा झेक बँकांकडे धावू लागला आणि ८ फेब्रुवारीला नोटांवर तिकिटं चिकटवून दोन चलनं करावी लागली. ‘हो’वाल्यांनी त्याच उदाहरणाचा उत्तरार्ध सांगावा : दोन्ही देश आज सुखानं नांदतात. क्वेबेकचा दाखला दोघांनाही चालतो. तिथंही स्वातंत्र्यवाद्यांना डॉलर कॅनडाचाच हवा होता, १९९५ मध्ये ते एका टक्क्याच्या आसपास फरकानं हरले, आणि सन लाइफ ही विमा कंपनी तर १९७८ मध्येच माँट्रियल सोडून टोरँटोला निघाली होती. कॅटलोनियात २०१७ मध्ये सबादेल बँकेनं पत्ता हलवला आणि २०२५ मध्ये परत आणला. घाबरवणारा माणूस या वाक्याचा पूर्वार्ध सांगतो, धीर देणारा उत्तरार्ध.

मराठी माणसाला इथं गोवा आठवतो. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूनं १,३८,१७० आणि वेगळं राहण्याच्या बाजूनं १,७२,१९१ मतं पडली. तो देशाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न नव्हता, पण भाषा आणि अस्मितेच्या सभांच्या मागच्या बाकांवर बोलणं चालायचं ते नोकऱ्या कुणाला जाणार आणि महाराष्ट्राची दारूबंदी आली तर काय, याचं. ग्लासगोच्या पबमध्ये हा दाखला देऊन बघा. दारूबंदीपर्यंत पोचलात की सगळे तुमच्याकडे वळतील.

नोबेलबद्दल थोडं

विजेता दोन्ही बाजूंना मिळतो, काळजी नसावी. स्कॉटिश सरकारच्या सल्लागार गटात जोसेफ स्टिग्लिट्झ आणि जेम्स मिरलीज असे दोन होते. पॉल क्रुगमन यांनी मतदानाच्या दहा-अकरा दिवस आधी लिहिलं, की सामायिक सरकार नसताना सामायिक चलन घेणं म्हणजे स्पेनचा रस्ता. दोन विरुद्ध एक. बहुमतानं अर्थशास्त्र ठरत नाही, पण वादात ठरवायला कोण अडवतं?

सहावा धडा : तेल

उत्तर समुद्रातलं तेल १९७० च्या सुमारास सापडलं आणि ‘हे तेल स्कॉटलंडचं’ ही घोषणा तेव्हाची. १९७४ मध्ये सरकारी अर्थतज्ज्ञ गॅव्हिन मॅक्रोन यांनी एक गोपनीय टिपण लिहिलं : स्वतंत्र झाल्यास स्कॉटलंडकडे लाजवेल एवढी शिल्लक पडेल आणि त्याचं चलन युरोपातल्या बळकट चलनांत गणलं जाईल. ते ३० वर्षं कपाटात राहिलं आणि २००५ मध्ये माहितीच्या अधिकारानं बाहेर आलं. माझ्या मते ‘हो’ बाजूचा सगळ्यात जोरदार आर्थिक मुद्दा हाच, आणि तो पन्नास वर्षांहून जुना आहे. नॉर्वेनं तेलाचा पैसा निधीत टाकला, ब्रिटननं चालू खर्चात आणि करकपातीत.

श्वेतपत्रिकेनं तेलाचा भाव पिंपाला ११० डॉलर धरला आणि २०१६-१७ मध्ये ६.८ ते ७.९ अब्ज पौंड मिळतील असा अंदाज बांधला. जून २०१४ मध्ये भाव ११५ च्या आसपास होता, तेव्हा अंदाज सावध वाटत होता. मतदानाच्या दिवशी शंभराच्या खाली. जानेवारी २०१५ मध्ये पन्नासच्या खाली, वर्षभरानं तिसाच्याही. २०१५-१६ मध्ये स्कॉटलंडच्या वाट्याचं तेल उत्पन्न गर्सनं मांडलं ते ६ कोटी पौंड. ‘नाही’वाल्यांनी पेढे वाटले. मग युक्रेनचं युद्ध झालं, भाव चढले आणि २०२२-२३ मध्ये तोच आकडा ९.४ अब्जांवर गेला. आता ‘हो’वाल्यांची पाळी होती, पण तोवर हवामानबदलामुळे तेलावर बोलणंच अवघड झालं होतं. आणि एबर्डीन, तेलाची राजधानी? तिथं सुमारे ५९ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं.

सातवा धडा : निकालानंतर

‘नाही’ ५५.३ टक्के, ‘हो’ ४४.७, मतदान ८४.६ टक्के. निकालानंतर आपले आकडे खोटे ठरले तर काय करावं, अशी नवशिक्यांना धास्ती असते. काही करू नये. सहसा समोरच्याचेही ठरलेले असतात.

‘नाही’ बाजूचा एक हुकमी मुद्दा असा होता : वेगळे झालात तर युरोपीय संघाबाहेर पडाल. युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष बारोसो यांनीही सांगितलं, की परत प्रवेश मिळणं अत्यंत कठीण, जवळपास अशक्य. युरोपात राहायचं म्हणून पुष्कळांनी ब्रिटनला मत दिलं. २३ जून २०१६ ला ब्रिटननं संघ सोडायचा निर्णय घेतला. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के लोकांनी राहायच्या बाजूनं मत टाकलं होतं, त्याचा उपयोग झाला नाही. ज्या पौंडाच्या सुरक्षिततेसाठी एवढा आटापिटा केला, तो डॉलरसमोर ३१ वर्षांच्या नीचांकावर गेला. २०१४ च्या अहवालांत ‘घरीच राहण्याचा धोका’ असा रकाना सहसा नव्हता. जाण्याचा खर्च मोजायला शंभर माणसं बसली होती, राहण्याचा मोजायला फारसं कुणी नाही. याचा फायदा ‘हो’वाल्यांनी फार जपून घ्यावा, कारण त्याच तर्कानं पुढचा प्रश्न येतो : युरोपात परत गेलात तर इंग्लंडच्या सीमेवर जकात नाका कोण बांधणार?

प्लॅन बी मात्र आला. २०१८ मध्ये ‘हो’वाल्यांच्या आयोगानं सुचवलं, की बरीच वर्षं पौंडच वापरू, संघाशिवाय. २०२२ मध्ये स्कॉटिश सरकार म्हणालं, शक्य तितक्या लवकर स्वतःचा स्कॉटिश पौंड आणू. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की लंडनच्या संमतीशिवाय पुन्हा मतदान घेता येणार नाही. म्हणजे उत्तर तयार आणि परीक्षाच रद्द.

तरी तालमीला खंड पडायचं कारण नाही. गर्स दर वर्षी ऑगस्टमध्ये निघतो. त्या सकाळी तूट मोठी की लहान एवढंच बघून घ्या आणि मग पहिल्या धड्यात निवडलेल्या दुकानाकडे चालू लागा. आतली पानं वाचायला घेऊ नका. त्यांतल्या तळटिपांत आकडे कसे अंदाजानं काढले ते सविस्तर दिलेलं असतं, आणि ते वाचून बरीच होतकरू मुलं या क्षेत्रातून कायमची बाहेर पडली आहेत.